भयपटांतल्या अभिनेत्री: चेहरा, आवाज आणि श्रेय

(म्हैसूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला. अभिनयाची चर्चा निघाली की आपण सामाजिक चित्रपटांवर बोलतो, संगीत नाटकांवर बोलतो, शोकात्म भूमिकांवर तर तासन् तास बोलतो. भुताखेतांच्या चित्रपटाला त्या पंगतीत पान मांडलं जात नाही. माझं म्हणणं असं आहे की पडद्यावर भीती उभी करणं हे अभिनयातलं फार अवघड काम आहे. ते मुख्यतः स्त्रियांनी पेललं, आणि त्याचं श्रेय मात्र त्यांच्या पदरात अर्धंमुर्धंच पडलं.

अवघड का, ते आधी सांगतो. दुःखाच्या प्रसंगात नटीसमोर काहीतरी असतं. आजारी मूल असतं, घर सोडून निघालेला नवरा असतो. भयपटात समोर बहुतेक वेळा रिकामी भिंत असते. तिथे कुणीतरी आहे, हे तिला नुसत्या नजरेनं, श्वासानं, पाऊल अडखळण्यानं पटवावं लागतं. प्रेक्षकाला भूत दिसतं ते आधी तिच्या डोळ्यांत. तिथे ते दिसलं नाही, तर पुढचा धूर, वारा, किंचाळणारं संगीत सगळं फुकट जातं.

आपल्याकडच्या या परंपरेची ठळक सुरुवात १९४९ सालच्या ‘महल’पासून धरता येते. बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, दिग्दर्शक कमाल अमरोही. मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची होती. जुन्या हवेलीत झोपाळ्यावर दिसणारी, दिसता दिसता नाहीशी होणारी कामिनी तिनं उभी केली. शेवटी उलगडा होतो की ती माळ्याची मुलगी आहे. म्हणजे त्या कोवळ्या वयात तिला एकाच देहात दोन बायका सांभाळायच्या होत्या. पाहताना आत्मा वाटली पाहिजे, आणि उलगडा झाल्यावर हाडामांसाची मुलगीही पटली पाहिजे.

त्या कामिनीला आवाज दिला लता मंगेशकरांनी. गाणं दुरून जवळ येत आहे असं वाटावं म्हणून त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या. आज हे काम यंत्र करतं. तेव्हा ते पावलांनी आणि श्वासानं करावं लागलं. आणि ध्वनिमुद्रिकेवर नाव काय छापलं? कामिनी. पात्राचं नाव. श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा गाणाऱ्या मुलीचं खरं नाव लोकांपर्यंत पोचलं. पार्श्वगायकांची नावं न छापण्याचा तेव्हा रिवाजच होता हे खरं, पण ज्या आवाजानं अंगावर काटा आणला तो आवाज निनावी राहिला हेही तितकंच खरं. आजच्या व्याख्यानाचं सूत्र मला याच घटनेत सापडतं. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, आणि श्रेयाची नोंद अपुरी.

‘महल’नं एक वाट घालून दिली. भूत दाखवायचं, आणि अखेरीला तो माणसाचा डाव निघायचा. १९६४ साली राजा परांजपे यांनी मराठीत ‘पाठलाग’ काढला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो बेतला होता. डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या समोर अभिनेत्री भावना होत्या. जिच्या मृत्यूचं दुःख नवरा अजून विसरलेला नाही ती बायको, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, संशयाच्या भोवऱ्यात सापडलेली स्त्री. राज खोसला यांनी १९६६ साली त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ केला, आणि ती दुहेरी भूमिका साधना यांच्याकडे गेली. साधनांचा ‘वह कौन थी’ १९६४ सालीच येऊन गेला होता, ‘अनीता’ १९६७ साली आला. एकाच दिग्दर्शकाकडे तीन रहस्यपट. पावसात, धुक्यात, पांढऱ्या साडीत उभी राहून साधनांनी स्थिर चेहऱ्यानं जे केलं ते पाहा. डोळ्यांची उघडझाप कमी, मान वळवण्याची गती संथ, हसू ओठांवर येऊन तिथेच थांबलेलं. हे कसब आहे. ‘मेरा साया’ लोकांच्या डोक्यात पक्का बसला, आणि मूळच्या मराठी भावना मात्र आज चित्रपटाच्या अभ्यासकांनाच आठवतात.

मराठीत या जातीचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट म्हणजे वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’, साल १९७६. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, सुधीर मोघे यांची गाणी, आणि मध्यभागी आशा काळे. सोसणारी सून, त्याग करणारी वहिनी अशीच त्यांची प्रतिमा मराठी घरांत रुजलेली आहे. या चित्रपटात मात्र त्या भीतीनं पोखरलेल्या तरुणीची भूमिका करतात. आपल्याला जे दिसतं ते खरं की आपलं डोकं फिरलं, या शंकेच्या कड्यावर उभी असलेली मुलगी त्यांनी दाखवली. लोकांनी गाणी डोक्यावर घेतली, ती आजही वाद्यवृंदांत वाजतात. पण आशाताईंच्या कारकिर्दीचा आढावा घेताना ही भूमिका त्यांच्या अभिनयाच्या खात्यावर ठळकपणे लिहिलेली मला फारशी आढळत नाही.

आता थोडं इंग्लंडकडे पाहू. तिथे हॅमर नावाची चित्रपटसंस्था होती. १९५७ साली ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’, १९५८ साली ‘ड्रॅक्युला’ काढून तिनं भयपटाचा कारखानाच सुरू केला. थेम्सच्या काठावरच्या ब्रे स्टुडिओत तेच सेट, थोड्याफार फरकानं तीच माणसं, आणि वर्षाला अनेक चित्रपट. १९६६ सालचे ‘द प्लेग ऑफ द झॉम्बीज’ आणि ‘द रेप्टाइल’ हे दोन चित्रपट पाठोपाठ, एकाच सेटवर झाले, आणि दोन्हींत जॅकलिन पीअर्स होती. तीच पुढे ‘ब्लेक्स सेव्हन’ या विज्ञानमालिकेत सर्व्हलान ही क्रूर सत्ताधारी झाली आणि घरोघर पोचली. बार्बरा शेली ‘द गॉर्गन’, ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’, ‘क्वाटरमास अँड द पिट’ अशा चित्रपटांत गाजली. तीच पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीत रंगभूमीवरही उभी राहिली. शेक्सपिअर करणारी नटी आणि पिशाच्च होणारी नटी वेगळ्या नसतात, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

पण आवाजाची गोष्ट तिथेही तीच. ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’मध्ये शेलीच्या तोंडून ऐकू येणारी किंकाळी तिची सहकलाकार सुझन फार्मर हिची आहे. ‘शी’ या चित्रपटात अर्सुला अँड्रेसच्या तोंडी निकी व्हॅन डर झिलचा आवाज आहे. इन्ग्रिड पिटचं उदाहरण तर मनाला लागतं. वॉर्सात जन्मलेली ही मुलगी बालपणी नाझी छळछावणीतून वाचली. १९७१ सालच्या ‘काउंटेस ड्रॅक्युला’ची ती नायिका, आणि पडद्यावर आवाज मात्र दुसरीचा घातला गेला. त्याचा राग तिनं लपवला नाही.

एक गोष्ट मात्र तिथे झाली, आपल्याकडे झाली नाही. त्या बायकांनी आपली हकीगत स्वतः सांगितली. इन्ग्रिड पिटनं आत्मचरित्र लिहिलं, हॅमरचीच दुसरी नायिका हेझेल कोर्ट हिनंही लिहिलं. चाहत्यांच्या मेळाव्यांत त्या बोलल्या, प्रश्नांना उत्तरं दिली, कुठला शॉट कसा घेतला ते सांगितलं. कारखान्यानं त्यांना एका साच्यात अडकवलं हे खरं. पण त्या साच्याचा इतिहास त्यांच्याच तोंडून आज उपलब्ध आहे.

आता तुमच्या या कर्नाटकात येतो. १९७९ सालचा ‘ना निन्न बिडलारे’ कन्नड प्रेक्षकांना आजही घाबरवतो. संगीत राजन-नागेंद्र यांचं, म्हणजे याच म्हैसूरच्या मातीतल्या दोन भावांचं. अनंत नाग यांनी झपाटलेला नवरा रंगवला, त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण त्या चित्रपटाचा तोल लक्ष्मी यांनी सांभाळला आहे. नवऱ्याच्या देहात परकी बाई वावरते आहे हे ओळखणारी, आणि तरी त्याला न सोडणारी पत्नी त्यांनी केली. त्यांच्या चेहऱ्यावरची चिंता खरी वाटते म्हणून ते झपाटणं खरं वाटतं. १९८१ साली हिंदीत ‘मंगलसूत्र’ झाला तेव्हा हीच भूमिका रेखा यांनी केली.

दुसरं उदाहरण ‘आप्तमित्र’, २००४. म्हैसूरचे विष्णुवर्धन नायक, आणि नागवल्लीच्या भूमिकेत सौंदर्या. मूळ चित्रपट १९९३ सालचा मल्याळम ‘मणिचित्रताळ’. त्यासाठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शांत, शिकलेली बायको पाहता पाहता सूडानं पेटलेली नर्तकी होते, आणि हा बदल मुख्यतः डोळ्यांत, मानेत, पदन्यासात घडतो. शास्त्रीय नृत्याची बैठक नसलेल्या नटीला हे झेपलं नसतं. मात्र त्या मल्याळम चित्रपटातल्या नागवल्लीचा गाजलेला आवाज दुर्गा या डबिंग कलाकाराचा होता. कितीतरी वर्षं लोक त्याचं श्रेय दुसऱ्याच कलाकार भाग्यलक्ष्मी यांना देत राहिले, आणि खुलासा फार उशिरा झाला. ‘महल’नंतर चव्वेचाळीस वर्षांनीही भुताचा आवाज निनावीच होता!

सौंदर्यांचं तर याहून वाईट झालं. १७ एप्रिल २००४ रोजी बंगळूरजवळ विमान कोसळून त्या गेल्या. ‘आप्तमित्र’ त्यानंतर प्रदर्शित झाला. ‘द्वीप’सारख्या चित्रपटाची निर्मिती करण्याची धमक असलेली ही अभिनेत्री, तिच्या या भूमिकेची टाळी तिला ऐकायला मिळाली नाही.

कर्नाटक आणि महाराष्ट्र एकत्र आलेला एक भयपट आहे, त्याबद्दल मला विशेष आस्थेनं सांगायचं आहे. ‘गहराई’, साल १९८०. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं, लेखनात विजय तेंडुलकर. कथा घडते बंगळूरच्या चेन्नबसप्पांच्या घरात. गावाकडची वडिलोपार्जित जमीन ते विकतात आणि घराला दृष्ट लागल्यासारखं होतं. चेन्नबसप्पा डॉ. श्रीराम लागू, मुलगा अनंत नाग, आणि झपाटली जाणारी शाळकरी उमा म्हणजे पद्मिनी कोल्हापुरे. वय जेमतेम चौदा-पंधरा. वेणी घातलेली साधी मुलगी बापाकडे बघून त्याच्या जुन्या पापाचा हिशेब मागते, तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. जमीन, जात, मालक आणि राबणारा यांचं नातं, सुशिक्षित घरातली पुरुषसत्ता, हे सगळं त्या मुलीच्या देहातून बोलतं. भयपट हा हलका प्रकार आहे असं म्हणणाऱ्यानं हा चित्रपट पाहावा. ‘प्रेमरोग’मधल्या पद्मिनी सर्वांना आठवतात, ‘गहराई’तली उमा त्याहून उणी नाही.

पुढच्या पिढीत ऊर्मिला मातोंडकरांनी हे काम पुढे नेलं. १९९९ सालच्या ‘कौन’मध्ये एक घर, तीन पात्रं, आणि एकही गाणं नाही. घरात एकटी असलेली घाबरलेली मुलगी शेवटी कोण निघते हे ज्यांनी पाहिलं त्यांनी पुन्हा एकदा पाहावं. पहिल्या दृश्यापासून तिनं दोन्ही अर्थांना जागा ठेवली आहे. २००३ सालच्या ‘भूत’साठी त्यांना फिल्मफेअरचा समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी मनावर घेतलं तर या अभिनयाची कदर होते, हे त्यातून दिसलं.

या प्रकारानं आणखी एक उपकार केला आहे. वय झालेल्या अभिनेत्रीला आपल्या चित्रपटांत काम उरतं ते आईचं, सासूचं, देवघरातल्या आजीचं. भयपट तिच्या हाती सत्ता देतो. १९६४ सालच्या ‘कोहरा’त ललिता पवारांनी सांभाळलेली दाईमाँ आठवा. त्या घरात खरी जरब तिचीच आहे. २०१७ साली विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ आला. उसाच्या फडानं वेढलेलं एकाकी घर, तिथे आलेली गरोदर नेहा म्हणजे पूजा सावंत, आणि तिला मायेनं जेवू घालणारी तुळसाबाई म्हणजे उषा नाईक. त्या मायेच्या मागे मुलीच्या जन्माचा द्वेष दबा धरून बसलेला आहे. उषाताईंनी आवाज न चढवता तो दाखवला. २०२१ साली याच दिग्दर्शकानं हिंदीत ‘छोरी’ केला. मराठी भयपटाची हिंदीनं दखल घेतली ती कथेइतकीच या दोन बायकांच्या कामामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रोतेहो, आता निष्कर्षाकडे येतो. भयपटात नायक बहुधा उलगडा करतो, मांत्रिक किंवा डॉक्टर उपाय करतो. भीती मात्र अभिनेत्री वाहते. कधी ती तिच्या चेहऱ्यानं वाहिली, कधी पडद्यामागच्या दुसऱ्या बाईनं आवाजानं वाहिली. या दोघींची नावं एकत्र लिहिली जातील तेव्हाच त्या कामाची नोंद पुरी होईल. मधुबालांबरोबर लताबाई, शोभनांबरोबर दुर्गा.

तुम्हाला माझ्या दोन विनंत्या आहेत. म्हैसुरात मराठी आणि कन्नड दोन्ही कानांनी ऐकणारी तुम्ही माणसं आहात. तुमच्या मंडळानं ‘हा खेळ सावल्यांचा’, ‘ना निन्न बिडलारे’ आणि ‘गहराई’ हे तीन चित्रपट एका आठवड्यात दाखवावेत आणि त्यानंतर फक्त अभिनयावर चर्चा ठेवावी. आणि या क्षेत्रात काम केलेल्या ज्या अभिनेत्री आणि डबिंग कलाकार आज आपल्यात आहेत, त्यांच्या मुलाखती मराठीत आणि कन्नडमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. त्या हयात आहेत, त्यांना आठवतं आहे, आणि विचारायला कुणी गेलेलं नाही. हे काम याच वर्षी सुरू करा.