जाते टिकले, टाकी लावणाऱ्याचे काय?



धाराशिव जिल्ह्यातील जुन्या घरांत दगडी जाते आजही आढळते. गावात पिठाची गिरणी आली तरी तूर भरडण्यास ते कोपऱ्यातून पुढे ओढले जाते. अशी वस्तू पाहून सुखवस्तू माणसास जुन्या काळाच्या मजबुतीचे भरते येते. हे कौतुक अर्धवट आहे. गरिबाच्या घरी पितळेची घागर दुष्काळात सावकाराकडे जाते. जाते मागे राहते, कारण ते कोणी गहाण ठेवून घेत नाही! आणि जुने म्हणून सारेच चांगले असेही नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या भूकंपात पिढ्यान्‌पिढ्यांच्या दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली.

मुख्य गोष्ट अशी की, वस्तू आपोआप टिकत नाही. फिरून फिरून जात्याचे दगड गुळगुळीत होतात, दाणा नुसता घसरतो. तेव्हा छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार हिंडणारा माणूस लागतो. तो दगडास पुन्हा टाकी लावतो, आणि जाते आणखी काही काळ चालते. या कामावरून एका जमातीस टकारी हे नावच पडले. समाजाने तिला मोबदला काय दिला? इंग्रजी अमलात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का किती टिकाऊ होता, हे लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनावरून कळते.

पितळी भांड्याचेही तसेच. कल्हई उडाली की त्यात ताक कळकते, आमटी कळकते. कल्हईवाल्याच्या भात्यावाचून ते भांडे निरुपयोगी. पायाने चालवायचे शिलाईयंत्र दोन पिढ्या चालते, कारण त्याचा पट्टा तुटला तर नवा चढवता येतो आणि यंत्र उघडण्यास कारखानदाराची परवानगी लागत नाही. उलट, आजच्या मोबाइलची बॅटरी आत चिकटवून टाकलेली असते. येथे वस्तूचे आयुष्य ठरवण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या हातून काढून घेतला गेला आहे, आणि हा प्रश्न भावनेचा नसून मालकीचा आहे. भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने घेतली. मात्र सुटे भाग मिळाले तरी ते बसवणारा हात हवा. त्या हाताची सरकारदरबारी किंमत काय?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तीच्याच दिवशी, केंद्राने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या यादीत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे. त्याचे यंत्र दुरुस्त करणारा नाही. कुलूप बनवणारा आहे, कल्हईवाला नाही.