धुराची साक्ष
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आपण साहित्याविषयी ऐकलेत, संगीताविषयी ऐकलेत. आज यंत्रांच्या सहवासात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास बोलण्याची आज्ञा झाली आहे. तेव्हा विषयही थोडा काजळलेलाच असणार. जुनी मोटार धुराच्या तपासणीत नापास झाली तर काय करावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आमची पांढरी ॲम्बॅसडर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. 1984 सालची, ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या घडणीची, 1489 घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी नदीपलीकडे उत्तरपाड्याजवळच्या हिंदमोटर येथे जन्मली. गीतांजली एक्स्प्रेसने हावड्यास उतरलेली कितीतरी नवी मराठी कुटुंबे तिने दमडमला आणली. कुमारटुलीहून मंडळाचा गणपती तिच्याच मागच्या आसनावर, कोणाच्या तरी मांडीवर बसून येत असे.

2008 च्या जानेवारीत ही गाडी तपासणीत नापास झाली. तिच्या काळातील पेट्रोल मोटारींसाठी 2004 च्या ऑक्टोबरापासून मर्यादा अशी की, इंजिन मंद चालू असता धुरात कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांहून अधिक आणि न जळलेला हायड्रोकार्बन दहा लाख भागांत 1500 भागांहून अधिक नसावा. आमचे आकडे निघाले 4.8 टक्के आणि 1100 भाग. तेथे घोटाळणाऱ्या एका मध्यस्थाने हळूच सुचविले, "दादा, थोडे जास्त द्या. नळी दुसऱ्या गाडीला लावतो, कागद तुमचा." खरे सांगावयाचे तर आम्ही क्षणभर विचारात पडलो. घरी ही गोष्ट काढताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, कागद मिळेल, पण दम्याने हैराण झालेल्या त्या शेजारच्या पोराला आपण रोज याच गाडीतून शाळेत नेतो ना?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

एका मिस्त्रीने सबंध इंजिन उघडावयास सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही पुन्हा तपासणीचा कागद हाती घेतला. मित्रहो, त्या कागदावर गाडीचा दोषच लिहिलेला असतो. तो वाचावयास मात्र शिकले पाहिजे. पेट्रोलला हवा पुरेशी मिळाली तर त्यातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. कमी पडली तर मोनॉक्साइड उरतो. म्हणजे तो वाढला की समजावे, पेट्रोल जास्त किंवा हवा थोडी. हायड्रोकार्बन वाढला तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे. तेव्हा प्लग, पॉइंट, ठिणगीची वेळ आणि व्हॉल्व्ह यांकडे पाहावे. आमचा दुसरा आकडा मर्यादेत होता. तेव्हा ठिणगी बरी होती, चूक मिश्रणात होती. मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणूनच मागून काळा धूर दिसत नसतानाही गाडी नापास होऊ शकते.

आम्ही स्वस्त उपायापासून आरंभ केला. प्रथम वीस मिनिटे जेसोर रोडवर गाडी फिरवून इंजिन चांगले तापविले, कारण थंड इंजिनाची परीक्षा घेणे हा त्याच्यावर अन्याय होय. नंतर एअर फिल्टर काढला. शहराची धूळ त्यात नांदत होती. चोकची तार गंजून अर्ध्यावर अडकली होती, तिला तेल दिले. प्लग पुसले, पॉइंटमधील अंतर 0.015 इंच केले. पुन्हा तपासले तो आकडा 3.9! सुधारणा झाली, पण उत्तीर्ण होण्याइतकी नाही.

येथे कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून मिश्रण पातळ करण्याचा मोह होतो. तो आवरावा. मिश्रण फाजील पातळ झाले की इंजिन मधून मधून ठिणगी चुकवते, हायड्रोकार्बन चढतो आणि इंजिन तापते. एक आकडा सुधारतो, दुसरा बिघडतो. आम्ही कार्ब्युरेटर उघडला. त्यातील पितळी फ्लोट कानाशी धरून हलविला तो आत पेट्रोल डचमळले! सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून पेट्रोल शिरून तो जड झाला होता. पाण्याच्या टाकीतील चेंडू बुडाला की नळ बंद होत नाही, तसाच हा प्रकार. पेट्रोलची पातळी चढलेलीच राही आणि मिश्रण दाट होई. मल्लिक बाजारातून दुसरा फ्लोट आणला, बसविला, आणि कागदावर आकडा आला 2.1. इंजिन उघडावे लागलेच नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत कलकत्ता उच्च न्यायालयाने महानगरातील पंधरा वर्षांहून जुनी व्यापारी वाहने हटविण्याचा आदेश दिला. आमची गाडी खासगी असल्याने त्या आदेशातून सुटली. पण धुराच्या हिशोबातून कोणीच सुटत नाही, ही जाणीव राहिली.

2014 मध्ये तिने पुन्हा नापासाचा शेरा आणला. या खेपेस मोनॉक्साइड ठीक, हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर, आणि मागे निळसर धूर. निळा धूर म्हणजे जळणारे इंजिन तेल. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. दोहोंत कमी भरला. त्यांत चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला तो दाब वाढला. व्हॉल्व्ह गळत असते तर तो वाढला नसता. तेव्हा रिंगा आणि सिलिंडर झिजले होते. आता मात्र इंजिन उघडण्याचाच प्रश्न होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदमोटरमधील ॲम्बॅसडरचे उत्पादनही थांबले. आम्ही उभयतांनी एक रात्र विचार केला आणि गाडी भंगारात दिली. डोळे ओले झाले, हे लपवीत नाही. परंतु पहिल्या खेपेस तिला वाचविणे जितके योग्य होते, तितकेच या खेपेस तिला निरोप देणे योग्य होते. आणि दोन्ही वेळा निर्णय त्या आकड्यांनीच सांगितला.

आपल्या आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही; ऑक्सिजन सेन्सर आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. कन्व्हर्टर तापल्यावाचून काम करीत नाही, म्हणून तपासणीपूर्वी गाडी थोडी चालवून न्यावी. फलकावरील इंजिनाचा दिवा लागला तर तो दुर्लक्षू नये. दाट मिश्रण फार दिवस चालले तर तो महागडा कन्व्हर्टरच निकामी होतो. साधने बदलली, तरी शोधाचा क्रम तोच: आधी कागद वाचावा, मग स्वस्त उपाय, मग महाग.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी तिचा एअर फिल्टरही उघडून पाहावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.