कोणाला समजते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. विषय मी मोठा घेतलेला नाही. वर्तमानपत्रातला एकच शब्द घेतला आहे, 'समजते'.

घरात हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. "बाळाला आता समजते", "मला मेलीला हिशेब समजत नाही." कोणाला समजते, ते आपण आधी सांगतो. वर्तमानपत्रात मात्र वाक्य येते, "मंत्रिमंडळात लवकरच फेरबदल होणार असल्याचे समजते." कोणाला समजते? बातमीदाराला, संपादकांना, की कोपऱ्यावरच्या पानवाल्याला? त्याचा पत्ताच नाही.

आपण बायका ऐकीव गोष्टीला 'म्हणे' लावतो. "तिची सून म्हणे माहेरी गेली." ऐकणारी लगेच ओळखते की ही कानावर आलेली गोष्ट आहे, खरी असेल, नसेलही. 'समजते' हे त्या 'म्हणे'चेच भावंड, पण इस्त्रीचे कपडे घालून आलेले. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते, यांनी चौकशी केली असणार. आणि चकाट्या पिटण्याबद्दल नाव मात्र आपले!

हे माझ्या ध्यानात कसे आले ते सांगते. २०११ सालच्या दिवाळीत चकल्या तळताना माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या पदराने पेट घेतला. मी आणि सासूबाई तिथेच होतो. गोधडी टाकून आम्हीच विझवले, दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आले, "घरगुती वादातून विवाहितेने पेटवून घेतल्याचे समजते." हे झाले आतले वाक्य. वरच्या मथळ्यात तेवढेही नव्हते. तिथे 'विवाहितेने पेटवून घेतले' असे ठाम छापले होते. मथळ्यात जागा कमी, म्हणून नेमका तोच शब्द गळाला.

संध्याकाळी जाऊबाईंचे वडील गावाहून आले. हातात तो कागद. सासूबाईंच्या हातांना भाजल्याचे फोड होते, ते त्यांनी पाहिले नाहीत. त्यांनी विचारले एवढेच, "माझ्या लेकीला काय केलेत?" जाऊबाई शुद्धीवर येऊन स्वतःच्या तोंडाने सांगेपर्यंत ते आमच्या घरचे पाणी प्याले नाहीत. बापाचे काळीज, त्यांना मी दोष देत नाही.

पुढे मी आणि आमचे हे त्या कचेरीत गेलो. तिथले गृहस्थ सौम्यपणे म्हणाले, "बाई, आम्ही 'समजते' असे लिहिले आहे, 'झाले' असे नाही." त्यांचे अगदीच खोटे होते असे नव्हे. रात्री छपाईची वेळ गाठायची, पोलिसांचा पंचनामा झालेला नसतो, अशा वेळी बातमी अजून पक्की नाही हे सांगायला हा शब्द कामाचाच आहे. पण मग "दवाखान्यातील कर्मचाऱ्यांकडून समजते" असे तरी लिहावे. म्हणजे कोणाला जाऊन विचारायचे, ते तरी कळेल.

चूक ध्यानात आली की दुरुस्ती लवकर आणि ठळक छापावी, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या नियमांत आहे. आमची दुरुस्ती आठ दिवसांनी आली. आतल्या पानावर, तीन ओळी, हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींखाली. व्याह्यांच्या गावात ती कोणी वाचली नाही.

आमचे एक नातेवाईक वकील आहेत. त्यांनी सांगितले की १९८८ साली सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात म्हटले आहे, वर्तमानपत्रातली बातमी ही ऐकीव माहिती, नुसत्या तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे कोर्टातसुद्धा ती 'म्हणे'च! सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "गावाला कोण सांगणार?"

जाऊबाई आता बऱ्या आहेत. दिवाळीला चकलीचा सोऱ्या त्या धरतात, कढईशी मात्र मी बसते.