न आलेल्या अंकाची नोंद



सार्वजनिक ग्रंथालयात आलेल्या अंकाची नोंद होते. न आलेल्या अंकाची नोंद मात्र पुष्कळदा राहून जाते. वर्षअखेरीस मासिकाचे बारा अंक बांधणीसाठी काढावेत, तर अकराच हाती लागतात. तोवर प्रकाशकाकडील शिल्लक प्रतीही संपलेल्या असतात. खंड अपुरा राहतो आणि नेमक्या त्याच अंकातील लेख शोधीत आलेला शिक्षक किंवा शेतकरी रिकाम्या हाताने परत जातो.

नियतकालिके बहुधा साध्या टपालाने येतात. अशा टपालाची पोच नसते. त्यामुळे अंक वाटेत कोठे अडला याचा माग काढणे कठीण होते. तथापि प्रत्येक वेळी दोष टपालाचाच असतो असे नाही. पत्ता किंवा पिनकोड चुकलेला असतो, वर्गणीची मुदत संपलेली असते, कधी अंकच उशिरा निघालेला असतो. म्हणून तक्रारीपूर्वी शहानिशा करणे अगत्याचे आहे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी नियतकालिकांसाठी तीन पत्रकांची पद्धती घालून दिली. त्यांतील तपासणी-पत्रक येथे विशेष उपयोगी पडते. अंक ज्या आठवड्यात अपेक्षित असेल, त्या आठवड्याच्या कप्प्यात त्या नियतकालिकाचे पत्रक ठेवावयाचे. अंक आला की पत्रक पुढील अपेक्षित आठवड्यात सरकते. आठवडा संपताना मागे राहिलेली पत्रके म्हणजेच न आलेल्या अंकांची यादी होय. यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. एकच कर्मचारी असलेल्या ग्रामीण वाचनालयातही साध्या वहीत हे काम होऊ शकते.

यादी हाती येताच प्रकाशकास पत्र जावे. त्यात वर्गणीदार क्रमांक, वर्गणी भरल्याचा दिनांक व पावती क्रमांक, अंकाचा महिना व वर्ष, तसेच संपूर्ण पत्ता असावा. गहाळ अंकाची मागणी ठराविक मुदतीतच स्वीकारण्याचा नियम अनेक प्रकाशकांचा असतो; म्हणून विलंब म्हणजे हक्क गमावणे. त्याच सुमारास स्थानिक टपाल कार्यालयातही लेखी विचारणा करावी. एकाच गावाचे अंक वारंवार गहाळ होत असतील, तर तारखांसह केलेली तक्रार अधिक परिणामकारक ठरते.

एवढे करूनही अंक न मिळाल्यास शेजारच्या ग्रंथालयाकडील जादा प्रत किंवा लेखाची छायाप्रत मागवावी. बांधणी करताना उणा अंक खंडाच्या आरंभी स्पष्ट लिहावा, म्हणजे वाचकाचा वेळ व्यर्थ जाणार नाही.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. वर्गणीचा पैसा हा लोकांचा पैसा आहे. किती नियतकालिके घेतली, एवढेच ग्रंथालय समितीच्या सभेत विचारून भागणार नाही. या महिन्यात कोणते अंक आले नाहीत आणि त्यांसाठी पत्रे केव्हा गेली, हा प्रश्न सदस्यांनी दरमहा विचारला, तर बाराव्या अंकाची वाट वर्षअखेरीपर्यंत पाहावी लागणार नाही.