सावलीचें नांव

मुलांच्या अद्‌भुत कथांत शत्रु बहुधा बाहेरचा असतो. राक्षस असो वा चेटकीण असो, तिचा किंवा त्याचा निःपात झाला म्हणजे नायक मोठा झाला, असें धरून चालण्याची रीत आहे. परंतु दहाबारा वर्षांच्या मुलाला पुष्कळदां निराळीच चिंता पोखरीत असते: वाईट गोष्ट आपल्याच हातून घडली, तर पुढें काय? या प्रश्नाला सरळ भिडणारी एक कादंबरी १९६८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. तिचें नांव 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. लेखिका अर्सुला के. ल गिन.

या विदुषीचा जन्म १९२९ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें झाला. मृत्यु २०१८ सालीं. वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्राचे नामांकित पंडित. जाणत्या मुलांसाठीं कांहीं लिहावें, असें एका प्रकाशकानें सुचविलें, तेव्हां तिच्या मनांत एक साधी शंका आली. गोष्टींतले जादूगार नेहमीं पांढऱ्या दाढीचे. पण तेहि कधीं काळीं पोरसवदा असतीलच! मग ती विद्या ते शिकले कोठें? या शंकेंतून जादूचें एक विद्यालय उभें राहिलें. हॅरी पॉटरचें पहिलें पुस्तक निघालें तें १९९७ सालीं, म्हणजे यानंतर तब्बल २९ वर्षांनीं.

कथा घडते ती असंख्य बेटांच्या एका काल्पनिक जगांत. तेथें प्रत्येक वस्तूला एक खरें नांव आहे आणि तें ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. म्हणून माणसें आपलें खरें नांव अगदीं विश्वासाच्या माणसालाच सांगतात. गाँट बेटावरील एका कांसाराचा मुलगा गेड हा कथेचा नायक. वर्णानें तांबूस सांवळा, आईवेगळा, बुद्धीनें तल्लख आणि तितकाच मानी.

रोक बेटावरील विद्यालयांत एका सहाध्यायाशीं त्याची ईर्षा जुंपते. पंधरा वर्षांचा गेड हट्टानें मृताच्या आत्म्याला आवाहन करतो. त्या क्षणीं जगाला जणूं भेग पडते आणि तींतून एक काळी सावली झेंप घेऊन त्याचा चेहरा फाडते. ती भेग बुजवितांना विद्यालयाचे वृद्ध कुलगुरु आपले प्राण वेंचतात. मुलाच्या चुकीची किंमत दुसऱ्यानेंच मोजली, ही गोष्ट लेखिका बालवाचकांपासून लपवीत नाहीं.

गेड बरा होतो, पण चेहऱ्यावरचे व्रण राहतात आणि आत्मविश्वास पार खचतो. अशा वेळीं त्याचा मित्र वेच विद्यालयांतून निरोप घेतांना त्याला आपलें खरें नांव सांगून टाकतो. उपदेश नाहीं, सांत्वनाचे मोठे शब्द नाहींत. ज्याच्या हातून एवढा अनर्थ घडला, त्याच्याच हातीं त्यानें आपला जीव सोंपविला, एवढेंच.

पुढें ती सावली गेडचा बेटाबेटांतून पाठलाग करते. तो जितका पळतो, तितकी ती बळावते. शेवटीं त्याचे पहिले गुरु ओजियन त्याला सांगतात कीं, आतां मागें वळ आणि तूंच तिचा शोध घे. वेचला बरोबर घेऊन, लहानशा होडींतून, तो ज्ञात जगाच्या पलीकडील समुद्रांत जातो. तेथें सावली समोर उभी राहते. गेड तिचें नांव उच्चारतो, आणि तें त्याचें स्वतःचेंच नांव असतें.

येथें कोणाचा वध होत नाहीं. कोणी जिंकत नाहीं, कोणी हरतहि नाहीं. आपल्या हातून घडलेलें कृत्य आपलेंच, असें म्हणण्याचें धैर्य एका मुलाला येतें आणि त्या धैर्यानेंच तो मोठा होतो. मात्र त्या टोंकापर्यंत त्याची होडी संभाळून नेणारा कोणी तरी लागतो, हेंहि ही कथा विसरूं देत नाहीं. सावलीला भेटून परतलेला गेड आधीं हसतो, मग तोंड लपवून लहान मुलासारखा रडतो. आणि वेच होडीचें तोंड घराकडे वळवितो.