पाण्याच्या दोन काचा



काच म्हटली कीं खिडकीचें तावदान डोळ्यांपुढें येतें. शास्त्रज्ञ मात्र हा शब्द अधिक व्यापक अर्थानें वापरतात. रेणूंची रचना स्फटिकाप्रमाणें नियमित नाहीं, तरी पदार्थ घट्ट आहे, ती त्यांची काच. अशी काच पाण्याचीहि होते. इतकेंच नव्हे, तर एकाहून अधिक प्रकारची होते.

साध्या बर्फांत पाण्याचे रेणु प्रार्थनेस उभ्या राहिलेल्या मुलांसारखे शिस्तींत असतात. काचेंत रांगा मोडतात. परंतु मधल्या सुटीच्या त्या गर्दींतहि प्रत्येक मुलगा आपल्या चार सोबत्यांस धरून असतो. दूरची शिस्त गेली, शेजार राहिला. हा शेजार कसा आहे, यावरच पुढचें सारें अवलंबून आहे.

१९८४ सालीं कॅनडांत ओटावा येथें मिशिमा, कॅल्व्हर्ट व व्हॅली यांनीं साधा बर्फ उणें १९६ अंश सेंटिग्रेडवर, हवेच्या दाबाच्या सुमारें १०,००० पट दाबाखालीं दाबला. रांगा कोसळल्या. दाब काढल्यावरहि त्या काचेचें विशिष्ट गुरुत्व १.१७ भरलें, म्हणजे हा बर्फ पाण्यांत बुडावा! (पाण्यांत पडेपर्यंत तो तसा टिकणार नाहीं, ही गोष्ट निराळी.) पुढें ती काच सावकाश ऊन करतां उणें १५६ अंशांच्या सुमारास जवळजवळ चतुर्थांशानें फुगली, आणि गुरुत्व ०.९४ वर आलें. तरीहि ती काचच! १९८५ सालीं त्यांनीं ही हलकी काच पुन्हा दाबली, तेव्हां सुमारें ६,००० पट दाबाशीं ती एकाएकीं जड झाली. बर्फ वितळतांना दिसते तशी ही उडी.

याचें मर्म शेजारांत आहे. हलक्या काचेंत चारच शेजारी. जड काचेंत त्यांच्यांत पांचवा घुसतो.

मग अतिशीत पाणीच मुळांत दोन प्रकारचें असेल काय? असें सुचविणारा विचार पूल, स्टॅन्ली प्रभृतींनीं १९९२ सालीं मांडला. पडताळा मात्र मोठा कठीण. कारण उणें १२० ते उणें ४० अंशांच्या दरम्यान पाणी डोळ्याचें पातें लवण्यापूर्वींच स्फटिक बनतें. वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं.

त्यांत भर म्हणून २०२३ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं बर्फ पोलादी गोळ्यांसह उणें १९६ अंशांवर घुसळून तिसराच प्रकार काढला. गुरुत्व १.०६, जवळजवळ पाण्याइतकें! ही पाण्याची खरी काच, कीं केवळ चुरडलेला बर्फ, हें त्यांनीं स्वतःहि उघडेंच ठेविलें आहे.