पहिल्या पगारातले ४६ रुपये

(रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आत्ताच निवृत्त साथींचा सत्कार झाला. उत्तरादाखल बोलताना प्रत्येकाने आपला पहिला पगार सांगितला आणि आकडे ऐकून मागच्या रांगेतली तरुण मंडळी हसली. त्यांचे काही चुकले नाही. चौथ्या वेतन आयोगाने १९८६ पासून किमान मूळ पगार ७५० रुपये ठरवला. पाचव्याने १९९६ पासून तो २५५० केला, सहाव्याने २००६ पासून ७०००, सातव्याने २०१६ पासून १८०००. आज १८००० वर सुरुवात केलेल्या पोराला ७५० चा आकडा गमतीचाच वाटणार.

पण पहिल्या पगाराचा नुसता आकडा सांगून भागत नाही. तो हातात कसा पडला आणि किती पडला, हेही सांगावे लागते. माझ्या पहिल्या पगाराची एक गोष्ट मी युनियनच्या व्यासपीठावरून आजवर सांगितलेली नाही. लाज वाटत होती. आज सांगतो.

मी रावेर तालुक्यातला. वडील केळीच्या बागेत मजुरीला जात. १९८७ साली मी मॅट्रिक झालो आणि पुढच्या उन्हाळ्यात घरापासून दूर एका जंक्शनवर उन्हाळी पाणीवाला म्हणून लागलो. हिंदी मुलखात त्याला 'पानी पांडे' म्हणत. गाडी लागली की भरलेली बादली आणि वगराळे घेऊन जनरल डब्यांच्या खिडक्यांशी धावायचे. आतून तांबे, बाटल्या, डबे बाहेर येत. लहान मुले तर ओंजळच पुढे करीत. फलाट असा तापलेला असे की चपलेतून चटका बसे. आम्ही सहा जण होतो. काम फक्त उन्हाळ्याचे, पाऊस पडला की घरी.

रोज २३ रुपये. पहिल्या महिन्याचे २६ दिवस भरले, म्हणजे ५९८ रुपये झाले. पगार वाटणारे बाबू टेबल मांडून बसले, शेजारी स्टेशन मास्तर साक्षीला. मी सही केली. बाबूंनी नोटा दोनदा मोजून हातात ठेवल्या, पै न पै बरोबर. मी टेबलापासून दूर झालो आणि पार्सल ऑफिसच्या मागे आलो, तर तिथे आम्हाला कामावर लावून देणारा मुकादम उभा होता. म्हणाला, "दोन दिवसांचे काढ. पुढच्या उन्हाळ्यात यायचे आहे ना?"

दोन दिवसांचे ४६ रुपये. मी काढून दिले. माझ्या मागून आलेल्या पाचही जणांनी दिले. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

साथींनो, कागदावर त्या व्यवहारात काहीच खोट नव्हती. हजेरी खरी, रक्कम खरी, सही खरी, साक्षीदारही खरा. चोरी झाली ती टेबलापासून वीस पावलांवर.

त्याच दिवशी टपाल कचेरीत जाऊन आईला ३०० रुपयांची मनीऑर्डर केली. फॉर्मच्या खाली निरोपाला थोडी जागा असे. तिथे मी लिहिले, "आई, पगार झाला. पूर्ण मिळाला." दहाबारा दिवसांनी पोच आली. त्यावर आईचा अंगठा होता. पोस्टमनने तो निरोप तिला ओट्यावर बसून वाचून दाखवला, असे तिने पुढे सांगितले. 'पूर्ण मिळाला' हे शब्द तिने त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले म्हणे. ती पोच माझ्याकडे अजून आहे. आईचा अंगठा खरा आहे, खोटे मी लिहिले होते.

आणि तो निरोप वाचणारा पोस्टमन कोण? तो खात्याबाहेरचा, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ई.डी. आज त्याला ग्रामीण डाक सेवक म्हणतात. हे लोक नागरी पद धारण करतात असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच दिला. तरीही त्याच्या हाती पडत होता तो पगार नव्हे, भत्ता. माझ्या पहिल्या पगाराचे पैसे ज्याने सायकलवरून आईपर्यंत नेले, त्याला स्वतःला 'पगार' हा शब्दसुद्धा मिळाला नव्हता. टपालातल्या साथींना हे मी नव्याने सांगायला नको.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्या जंक्शनवरच्या एका पॉइंट्समन काकांनी मला चहाला बोलावले. ते युनियनच्या शाखेचे काम पाहत. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, "तुझे कॅज्युअल लेबर कार्ड आहे ना, त्यावर दर महिन्याचे दिवस भरून सही घेतल्याशिवाय हलू नकोस. शिवाय घरच्या वहीत तारखा लिही." दुसरी, "पगाराच्या दिवशी सहाही जण टेबलाजवळच थांबा. शेवटच्याचा पगार झाला की एकत्र निघा आणि एकत्र माझ्याकडे या."

आम्ही तसे केले. मुकादम पार्सल ऑफिसच्या मागे उभाच होता. सहा जण एका ओळीत त्याच्या समोरून गेलो. एकट्याला धमकी देता येते, सहा जणांना एकदम देता येत नाही. तो काही बोलला नाही. त्या महिन्यात मी आईला लिहिले, "पूर्ण मिळाला", आणि ते खरे होते. युनियन म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही. त्या वीस पावलांनी शिकवले.

कार्डाचे महत्त्व पुढे कळले. ओपन लाइनवर सलग १२० दिवस भरले की टेम्पररी स्टेटस, असा नियम होता. आमचा मोसमच अडीच-तीन महिन्यांचा, म्हणजे ते दिवस कधी भरणारच नाहीत. पुढे स्क्रीनिंगची वेळ आली तेव्हा ज्यांची कार्डे भरलेली होती त्यांचे दिवस मोजले गेले. माझे मोजले गेले. आमच्यातल्या दोघांनी कार्डावर सह्या घेतल्या नव्हत्या. चार उन्हाळे त्यांनी माझ्याबरोबर पाणी पाजले, पण कागदावर ते तिथे कधी नव्हतेच. म्हणून म्हणतो, पहिला पगार आठवण म्हणून जपू नका, पुरावा म्हणून जपा.

पगार वेळेवर आणि पूर्ण मिळावा, ही मागणी जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. रविवारच्या सुट्टीबरोबरच, पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, अशीही एक मागणी त्यांनी मांडली. तारखेचा कायदा व्हायला १९३६ साल उजाडले. आता २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मासिक पगार पुढल्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आणि पगाराची स्लिप द्यायची, असे तिच्यात आहे. या संहितांबद्दल आपले भांडण आहे आणि ते चालू राहील. पण हाती असलेले कलम गंजू देऊ नये.

किती पगार, याचेही माप आपण ठरवून घेतले आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ते घातले. कुटुंबात खाणारी तीन माणसे धरायची, प्रत्येकी २७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे आणि इंधन. सातव्या आयोगाचे १८००० याच मापाने निघाले. ७५० पासून १८००० पर्यंतचा रस्ता कोणी दान दिलेला नाही. १९६०, १९६८ आणि ८ मे १९७४ चा संप, या पायऱ्यांवर आपल्या आधीच्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने आठव्या आयोगाला मंजुरी दिली, तेव्हा हिशेब मांडताना त्यांची आठवण ठेवा.

आता शेवटचे. आपल्याच स्टेशनांवर सफाई करणारी, डबे धुणारी, पार्सल उचलणारी मुले-मुली ठेक्यावर आहेत. त्यांचा पगार बँकेत जमा होतो, पूर्ण जमा होतो. कागद पुन्हा स्वच्छ! पण मागच्या वर्षी एक सफाईवाली मुलगी मला म्हणाली, "काका, एटीएम कार्ड सुपरवायझरकडेच असते. तो काढतो आणि आम्हाला मोजून देतो." किती मोजून देतो, हे विचारल्यावर ती खाली पाहू लागली. ते खाली पाहणे मी ओळखले. १९८८ साली मी तसाच पाहत होतो.

टेबल गेले, बाबू गेले, नोटाही गेल्या. पार्सल ऑफिसच्या मागचा माणूस मात्र तिथेच उभा आहे.

त्या मुलीसाठी आम्ही काय केले? पाच जणींना एकत्र बसवले, पासबुके भरून आणली आणि कार्डे परत मागायला पाचही जणींबरोबर गेलो. कार्डे मिळाली. मागचे पैसे अजून मिळालेले नाहीत, अर्ज चालू आहे. ठेकेदाराने बुडवले तर मूळ मालकाने द्यायचे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. ते धरून आम्ही बसलो आहोत.

तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे. येत्या सात तारखेला आपल्या स्टेशनवरच्या, आपल्या टपाल कचेरीतल्या एका नव्या कामगाराजवळ जा. त्याला आपला पहिला पगार सांगा आणि मग विचारा, "तुझा पूर्ण मिळाला का?" तो खाली पाहू लागला, तर त्याला एकटा सोडू नका. वीस पावले त्याच्याबरोबर चाला.

माझ्या पहिल्या पगारातले ते ४६ रुपये परत मिळाले नाहीत, मिळणारही नाहीत. पण त्या मुलीने आपल्या आईला "पूर्ण मिळाला" असे सांगितले आणि ते खरे असले, तर माझे पैसे फिटले असे मी समजेन.

कामगार एकजुटीचा विजय असो!